रिगमागे किती तेल? अमेरिकेतल्या शेल पट्ट्यांची तुलना शिकताना

गावात बोअर मारायची गाडी आलेली बहुतेकांनी पाहिलेली असते. पाणाड्या तळहातावर नारळ धरून जागा दाखवतो, तमिळनाडूच्या नंबराची गाडी रात्रभर धुरळा उडवते, फुटावर पैसे मोजून घेते आणि सकाळी पुढच्या गावाला निघते. पाणी दोन इंची लागलं की नुसता फुफाटा निघाला, त्याच्याशी गाडीवाल्याचं देणंघेणं नसतं. आता कोणी म्हणालं, ‘आमच्या तालुक्यात एका गाडीमागे पाणी जास्त निघतं, शेजारच्या तालुक्यात कमी’, तर गावातला कुठलाही शहाणा माणूस आधी चार गोष्टी विचारेल. गाडीने महिन्यात बोअर किती मारले? किती फुटांचे? त्यातल्या कितींत मोटर सोडली? आणि जुने बोअर किती आटले?

अमेरिकेतल्या शेल (तेल-गॅस अडकून बसलेला घट्ट खडक) तेल-गॅसच्या आकडेवारीत ‘रिगमागे नवीन उत्पादन’ असा एक रकाना असतो. रिग म्हणजे तिकडची बोअरची गाडीच, पण कितीतरी मोठी. पुण्यात, बंगळुरात किंवा गुरुग्राममध्ये बसून तिकडच्या ऊर्जा बाजारावर टिपणं लिहायचं काम नव्याने लागलेली मुलं हा रकाना पाहतात, मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावतात आणि ‘अमुक पट्टा सर्वांत कार्यक्षम’ असं लिहून मोकळी होतात. मीही तेच करायचो. रिग तेल काढत नाही, भोक पाडते, एवढं कळायला मला बराच वेळ लागला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये म्हणून हे लिहितोय.

या आकड्यांचं आपल्याला काय, असं वाटत असेल तर एक दाखला. ३० मार्च २०१८ रोजी ‘मेरिडियन स्पिरिट’ हे जहाज रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळच्या टर्मिनलवर लागलं. ‘गेल’ या आपल्या सरकारी गॅस कंपनीच्या दीर्घकालीन करारातला अमेरिकेहून आलेला तो पहिला द्रवरूप गॅस. लुईझियानातल्या सबीन पास इथून वर्षाला ३५ लाख टन आणि मेरीलँडमधल्या कोव्ह पॉइंटहून २३ लाख टन असे ते करार आहेत. तिकडच्या रिगा वाढल्या-घटल्या की हिशेब आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

पायरी १: रिगचं काम कुठे संपतं ते बघा

रिग येते, उभं भोक पाडायला लागते. दोन-तीन किलोमीटर खाली गेल्यावर पाइप हळूहळू वळवत आडवा करतात आणि शेलच्या थरातून दोन मैल, हल्ली कित्येकदा तीन मैल, सरळ पुढे नेतात. मग केसिंग, सिमेंट, आणि रिगचं काम संपलं. बऱ्याच रिगांना आता हायड्रॉलिक पाय असतात. मनोरा न उतरवता ती काही मीटर सरकते आणि त्याच ओट्यावर पुढची विहीर सुरू करते. एका ओट्यावर चार, सहा, कधी त्याहून जास्त विहिरी.

या क्षणाला तेलाचा थेंबही वर आलेला नसतो. त्यानंतर दुसरीच मंडळी येतात: पंपांचे ट्रक, वाळूचे ढीग, पाण्याच्या टाक्या. आडव्या पाइपाला टप्प्याटप्प्याने छिद्रं पाडून प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत मारतात, खडक फुटतो, वाळू त्या भेगा उघड्या ठेवते. याला सगळे ‘फ्रॅक’ म्हणतात. मग विहीर चालू होते. रिग तोवर दुसऱ्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, पोहोचलेली असते.

भोक पडणं आणि तेल येणं यांच्यामधलं हे अंतर नीट लक्षात ठेवा. पुढचे बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात.

पायरी २: आकडे कुठून येतात आणि काय मोजतात

रिगांची संख्या बेकर ह्यूज ही कंपनी दर शुक्रवारी देते. अमेरिकेच्या मध्यवर्ती वेळेनुसार दुपारी १२ ला, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला. या धंद्यातल्या कित्येकांच्या शुक्रवारच्या जेवणावर त्याने पाणी फिरवलंय. ही मोजणी १९४४ पासून चालू आहे. तिच्यात प्रत्यक्ष भोक पाडत असलेलीच रिग धरली जाते. रस्त्यावर असलेली, उभारणी चालू असलेली, जुन्या विहिरीच्या डागडुजीवर लावलेली रिग मोजत नाहीत.

उत्पादनाची बाजू सांभाळते अमेरिकी सरकारची ऊर्जा माहिती संस्था, ईआयए. तिने ऑक्टोबर २०१३ मध्ये ड्रिलिंग प्रॉडक्टिव्हिटी रिपोर्ट सुरू केला. धंद्यात त्याला डीपीआर म्हणायचे. सुरुवातीला सहा पट्टे होते, नंतर सात झाले: पर्मियन, बाकन, ईगल फोर्ड, नायोब्रारा, ॲनाडार्को, हेन्सव्हिल आणि ॲपलाचिया. २०२४ च्या मध्यावर हा स्वतंत्र अहवाल बंद झाला आणि त्यातले आकडे ईआयएच्या दरमहाच्या अल्पकालीन ऊर्जा अंदाजात गेले. तिथे आता पर्मियन, बाकन, ईगल फोर्ड, हेन्सव्हिल, ॲपलाचिया असे पाच पट्टे वेगळे दिसतात आणि बाकीचा सगळा भाग एका गाठोड्यात बांधलेला असतो. जुनी फाइल नव्या फाइलला जोडताना हे आठवलं नाही, तर तुमच्या तक्त्यात ॲनाडार्को एका महिन्यात गायब होईल.

दोन गोष्टी नवख्यांच्या हमखास नजरेआड होतात. पहिली, डीपीआरचे पट्टे म्हणजे काउंट्यांचे गट होते. त्या काउंटीतलं शेलचं तेल आणि आजोबांच्या काळातल्या साध्या उभ्या विहिरीचं तेल एकत्रच मोजलं जाई. पर्मियनमध्ये हे विशेष, कारण तिथे १९२० च्या दशकापासून तेल निघतंय. दुसरी, बेकर ह्यूजची विभागणी वेगळी आहे. ते मार्सेलस आणि युटिका हे शेलचे दोन थर वेगवेगळे दाखवतात, ईआयए दोन्ही ॲपलाचियात धरते. एकाचे रिग आणि दुसऱ्याचं उत्पादन घेऊन भागाकार करायचा असेल, तर आधी सीमा जुळतात का ते बघा.

आणखी खोलात जायचं तर राज्यांची दप्तरं. टेक्सासमध्ये हे काम रेलरोड कमिशनकडे आहे. नावात रेल्वे असली तरी आता त्या कार्यालयाचा रेल्वेशी संबंध उरलेला नाही, तेव्हा शोधताना गोंधळू नका. टेक्सासचे ताजे महिने नेहमी अपुरे असतात, नंतर वर सरकतात. नॉर्थ डकोटात नव्या विहिरीची माहिती सहा महिने गोपनीय ठेवायची मुभा कंपनीला मिळते. म्हणून शेवटचे दोन-तीन महिने बघून ‘उत्पादन घसरलं’ असं कधीही लिहू नका.

पायरी ३: गणित एकदा हाताने करा

सूत्र सोपं आहे. एखाद्या महिन्यात नव्याने चालू झालेल्या विहिरींचं दिवसाचं उत्पादन वर, आणि दोन महिन्यांपूर्वीच्या रिगांची संख्या खाली. दोन महिने का, तर भोक पाडणं ते विहीर चालू होणं याला साधारण एवढा वेळ लागतो, असं ईआयएने सगळ्या पट्ट्यांसाठी सरसकट धरलं होतं. प्रत्यक्षात सहा विहिरींचा ओटा असेल तर पहिल्या विहिरीला शेवटची विहीर खोदून होईपर्यंत थांबावं लागतं, आणि ते अंतर दोन महिन्यांच्या कितीतरी पुढे जातं.

कागदावर एक काल्पनिक पट्टा घेऊ. ५० रिग. प्रत्येक रिग महिन्याला दीड विहीर खोदते, म्हणजे ७५ विहिरी. सगळ्या ७५ चालू झाल्या, प्रत्येकीचं उत्पादन दिवसाला ८०० बॅरल. एकूण ६०,००० बॅरल. भागिले ५०. रिगमागे १,२०० बॅरल.

आता हाच आकडा तीन तुकड्यांत मोडा: रिगमागे खोदलेल्या विहिरी दीड, खोदलेल्या विहिरींच्या तुलनेत चालू केलेल्या विहिरी एकास एक, आणि विहिरीमागे उत्पादन ८००. दीड गुणिले एक गुणिले ८००, बरोबर १,२००. एक्सेलमध्ये हे तीन रकाने कायम वेगळे ठेवा. ‘उत्पादकता वाढली’ असं कोणी म्हटलं की या तिघांतलं नेमकं कोण हललं ते बघायचं. पहिला हलला तर रिगवाल्यांचं श्रेय. तिसरा हलला तर खडकाचं, वाळू-पाण्याच्या मापाचं किंवा आडव्या लांबीचं. दुसरा हलला तर नुसती वेळेची सरकवासरकव.

पायरी ४: त्या दुसऱ्या तुकड्याची भीती बाळगा

खोदून ठेवलेली पण चालू न केलेली विहीर. इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यात सगळे तिला ‘डक’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर बोअर मारून ठेवलाय, मोटर सोडलेली नाही.

२०२० मध्ये काय झालं ते बघा. वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत ८०० च्या आसपास रिग चालू होत्या. करोना आला, मागणी आटली, २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. ऑगस्टच्या मध्यावर रिगांची संख्या २४४ वर आली. इतकी कमी ती त्या मोजणीच्या इतिहासात कधीच नव्हती. पण विहिरी चालू करणं तितकं थांबलं नाही. डकचा साठा तेव्हा आठ हजारांच्या वर होता. नवीन भोक पाडण्यापेक्षा आधीच पाडलेल्या भोकात फ्रॅक करणं स्वस्त, कारण खोदाईचा पैसा आधीच खर्ची पडलेला. कंपन्यांनी तेच केलं. २०२२ पर्यंत तो साठा जवळपास निम्म्यावर आला.

आपल्या कागदावरच्या पट्ट्यात हे घडवून पाहू. रिग ५० वरून २० वर. दीडच्या वेगाने खोदल्या ३० विहिरी. चालू केल्या मात्र ५४, म्हणजे २४ विहिरी साठ्यातून काढल्या. विहिरीमागे उत्पादन तेच ८०० बॅरल. एकूण ४३,२०० बॅरल, भागिले २०. रिगमागे २,१६०.

पहिल्यापेक्षा ८० टक्के जास्त! रिग तीच, खडक तोच, विहीर तीच, आणि पट्ट्याचं नवीन उत्पादन तर घटलेलंच आहे.

त्या उन्हाळ्यात मी नेमकं या चढणीवर टिपण लिहिलं होतं. मथळ्यातच ‘कार्यक्षमतेत विक्रमी झेप’ असं टाकलेलं. वरिष्ठांनी ते वाचून फोन केला आणि एवढंच विचारलं, “अरे, रिग हुशार झाल्या की कमी झाल्या?” मी फोनवर गप्प. टिपण अर्ध्या तासात मागे घेतलं, पण दोन ग्राहकांना ते गेलेलं होतं. तेव्हापासून रिगांची संख्या झपाट्याने खाली किंवा वर जात असेल, तर त्या काळातला रिगमागचा आकडा मी राखाडी रंगात ठेवतो आणि क्रम लावताना धरत नाही. २०१६ मध्येही असंच झालं होतं. मे महिन्यात रिग ४०४ वर उतरल्या होत्या आणि सगळ्या पट्ट्यांची ‘उत्पादकता’ आभाळाला टेकली होती.

उलटंही होतं. भाव वाढले, रिग भराभर आल्या, पण फ्रॅकचे ताफे कमी पडले, की चांगला पट्टाही आकड्यात आळशी दिसतो.

पायरी ५: पट्ट्याचा स्वभाव ओळखा

आकडे शेजारी ठेवण्याआधी प्रत्येक पट्ट्यावर अर्धा दिवस घालवा. नकाशा, थरांची खोली, पाइपलाइन, एवढं तरी.

पर्मियन हा सगळ्यांचा बाप. पश्चिम टेक्सास आणि आग्नेय न्यू मेक्सिको. याच्या पोटात मिडलँड आणि डेलावेअर अशी दोन खोरी आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. डेलावेअर जास्त खोल, जास्त दाबाचं, गॅस आणि खारं पाणीही जास्त. एका बॅरल तेलामागे कित्येक बॅरल पाणी वर येतं आणि ते कुठे जिरवायचं हा तिथला रोजचा झगडा आहे. पाणी जमिनीत सोडून भूकंपाचे धक्के बसू लागल्यावर नियामकांनी त्यावर बंधनं घातली. स्प्रेबेरी, वुल्फकॅम्प, बोन स्प्रिंग असे एकावर एक थर असल्यामुळे एकाच जागेवरून मजल्यामजल्याने विहिरी टाकता येतात. २०२४ अखेर तिथे सुमारे ३०० रिग होत्या, म्हणजे देशातल्या अर्ध्या. त्यामुळे ‘पर्मियनची सरासरी’ हा शब्द जरा जपून वापरा. दोन मोठ्या खोऱ्यांची, नव्या-जुन्या थरांची आणि कडेच्या सुमार जमिनीची मिळून ती सरासरी असते.

हेन्सव्हिल निव्वळ गॅसचा पट्टा, लुईझियाना आणि पूर्व टेक्सासच्या सीमेवर. थर साधारण साडेदहा ते साडेतेरा हजार फुटांवर, पश्चिमेकडे आणखी खोल. दाब आणि उष्णता इतकी की खाली सोडलेली यंत्रसामग्रीही दमते. विहीर महाग पडते, पण सुरुवातीचा गॅस भसाभसा येतो. शिवाय हेन्री हब (लुईझियानातलं केंद्र, अमेरिकी गॅसचा मुख्य भाव तिथे ठरतो) आणि मेक्सिकोच्या आखातावरची निर्यात टर्मिनल्स जवळ, त्यामुळे इथल्या कंपन्या भावाकडे बघून नळ सोडतात-बांधतात. २०२४ मध्ये हेन्री हबचा वर्षभराचा सरासरी भाव दर दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं माप) सव्वादोन डॉलरच्याही खाली राहिला, तेव्हा इथल्या रिग कमी झाल्या आणि खोदलेल्या विहिरीही चालू करायच्या थांबवल्या. अशा काळात हेन्सव्हिलचा रिगमागचा आकडा घसरला तर त्यात खडकाचा दोष नाही. आणखी एक बारकावा: दाब टिकावा म्हणून इथे बरेच जण विहिरीचं तोंड मुद्दाम आवळून ठेवतात. पहिल्या महिन्याच्या आकड्यात अशी विहीर कमजोर दिसते आणि वर्षाच्या हिशेबात पुढे निघते.

ॲपलाचिया म्हणजे पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो. मार्सेलस वर, युटिका त्याच्या खाली. दिवसाला सुमारे ३५ अब्ज घनफूट गॅस. आपल्या मापात जवळपास ९९ कोटी घनमीटर, म्हणजे सगळ्या भारताच्या वापराच्या पाचपट, आणि तेही पर्मियनच्या मानाने फार थोड्या रिगांवर. रिगमागे गॅसच्या यादीत हा पट्टा वर असतो. मग उत्पादन दुप्पट का होत नाही? बाहेर न्यायला पाइप नाही म्हणून. ॲटलांटिक कोस्ट पाइपलाइन २०२० मध्ये गुंडाळली गेली. माउंटन व्हॅली पाइपलाइन वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्यांत अडकून जून २०२४ मध्ये सुरू झाली. न्यू यॉर्क राज्याच्या पोटातही मार्सेलस आहे, पण तिथे फ्रॅकला बंदी. रिगची क्षमता आणि पट्ट्याची क्षमता या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

बाकन, नॉर्थ डकोटा आणि मोंटाना. दोन मैलांच्या आडव्या विहिरी इथे फार आधीपासून रुळल्या. हिवाळ्यात थंडी अशी पडते की फ्रॅकचं काम मंदावतं, म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा.

ईगल फोर्ड हा दक्षिण टेक्सासमधला लांबच लांब पट्टा. उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलात तर आधी तेल, मग कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारं अगदी हलकं तेल), मग कोरडा गॅस. रिग दक्षिणेला सरकल्या की रिगमागचं तेल आपोआप घटतं. नायोब्रारा कोलोरॅडो-वायोमिंगमध्ये, मुख्य काम वेल्ड काउंटीत, आणि विहिरी पटापट खोदून होतात. ॲनाडार्को ओक्लाहोमात. त्यावर मी फारसा वेळ घालवत नाही.

पायरी ६: तेल आणि गॅस एकाच तराजूत टाकू नका

ईआयए रिगचे ‘तेलाची’ आणि ‘गॅसची’ असे वेगळे छेद करत नसे. विहिरीतून बहुधा दोन्ही येतात, म्हणून पट्ट्यातल्या सगळ्या रिगांनी तेलालाही भागायचं आणि गॅसलाही. परिणामी पर्मियनचा रिगमागचा गॅस आणि हेन्सव्हिलचा रिगमागचा गॅस शेजारी छापलेले दिसतात. पर्मियनमध्ये कोणी गॅससाठी रिग उभी करत नाही, तो तेलाबरोबर येतो. त्या दोन आकड्यांची तुलना म्हणजे दुभत्या म्हशीची आणि नांगराच्या बैलाची शेणावरून तुलना.

मग लोक दोन्ही एकत्र करायला ‘तेलसमान बॅरल’ वापरतात: साधारण सहा हजार घनफूट गॅस म्हणजे एक बॅरल. ऊर्जेच्या हिशेबाने हे ठीक. पैशाच्या हिशेबाने बघा. समजा एका विहिरीतून दिवसाला १,००० बॅरल तेल आणि २० लाख घनफूट गॅस येतो. दुसरीतून नुसता दीड कोटी घनफूट गॅस. तेलसमान मापात पहिली १,३३३ आणि दुसरी २,५००. दुसरी जवळपास दुप्पट! आता तेल ७० डॉलर बॅरल आणि गॅस हजार घनफुटांना ३ डॉलर धरा. पहिलीचे दिवसाला ७६,००० डॉलर, दुसरीचे ४५,०००.

त्यातही पर्मियनच्या गॅसला हेन्री हबचा भाव लावू नका. तिथला भाव वाहा हबवर ठरतो, आणि २०२४ मध्ये पाइपलाइन अपुऱ्या पडल्याने तो कित्येक दिवस शून्याच्याही खाली होता. म्हणजे गॅस घेऊन जा आणि वर पैसेही घ्या.

एककांचा एक जुना सापळाही सांगून ठेवतो. अमेरिकी गॅसच्या मापात एक ‘एम’ म्हणजे हजार, रोमन अंकातला. दोन ‘एम’ म्हणजे दशलक्ष. आपल्याकडच्या घनमीटरच्या मापात दोन ‘एम’ दशलक्षच. एका ‘एम’ला दशलक्ष समजून हजारपट चूक करणारा दर वर्षी एक तरी नवा सहकारी मला भेटतो.

पायरी ७: जुन्या विहिरी किती आटतात ते वजा करा

शेलची विहीर पहिल्या वर्षातच साठ-सत्तर टक्क्यांनी खाली येते, मग हळूहळू सपाट होते. म्हणून पट्टा जितका मोठा आणि जितका नवा, तितकी दर महिन्याची गळती मोठी. ईआयए हाही आकडा देते: जुन्या विहिरींच्या दिवसाच्या उत्पादनातला मासिक बदल. बहुतेक लोक रिगमागच्या आकड्यावरच थांबतात आणि हा रकाना ओलांडून जातात.

दोन काल्पनिक पट्टे घ्या. ‘क’मध्ये ३१० रिग, रिगमागे १,००० बॅरल, जुन्यांची गळती महिन्याला ३ लाख बॅरल. ‘ख’मध्ये ३५ रिग, रिगमागे १,५०० बॅरल, गळती ६०,०००. यादीत ‘ख’ दीडपट सरस. पण ‘क’मध्ये नवीन आलं ३,१०,००० आणि गेलं ३,००,०००, म्हणजे १०,००० ची वाढ. ‘ख’मध्ये आलं ५२,५०० आणि गेलं ६०,०००. तो ७,५०० ने खाली.

गळतीला रिगमागच्या आकड्याने भागलं की जागच्या जागी राहायला किती रिग लागतील ते मिळतं. ‘क’ला ३००, ‘ख’ला ४०. मी तर नव्या माणसाला आधी हाच रकाना करायला लावतो. शुक्रवारी रात्री रिगांचा ताजा आकडा आला की तो या आकड्याच्या वर आहे की खाली, एवढं बघितलं तरी पट्टा कुठे चाललाय याचा अंदाज येतो.

पायरी ८: फुटांवर आणा, मग वर्षांची तुलना करा

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेत तेलाच्या रिग १,६०९ होत्या आणि कच्च्या तेलाचं उत्पादन दिवसाला ९० लाख बॅरलच्या थोडं वर. २०२४ अखेर तेलाच्या रिग ५०० च्याही आत आणि उत्पादन १ कोटी ३० लाखांच्या वर. रिग एक तृतीयांशापेक्षा कमी, तेल जवळपास दीडपट. हा आकडा सभेत टाळ्या घेतो. पण त्यात काय काय आहे ते सोलून बघा: रिग ताकदवान झाल्या, ओट्यावर सरकायला लागल्या, कंपन्यांनी सुमार जमीन सोडून उत्तम जमिनीवर मोर्चा वळवला, वाळू कित्येक पट वाढली, आणि आडवी लांबी साधारण एका मैलावरून दोन मैलांवर गेली.

लांबीचा परिणाम काढायला उत्पादनाला दर हजार फूट आडव्या लांबीने भागा. १०,००० फुटांच्या विहिरीतून १,००० बॅरल आले, तर हजार फुटांना १०० बॅरल. १५,००० फुटांच्या विहिरीतून १,३५० आले, तर हजार फुटांना ९०. विहिरीमागचं उत्पादन ३५ टक्के वाढलं आणि फुटामागचं १० टक्के घटलं, दोन्ही एकाच वेळी खरं. लांब विहिरीत उभा भाग एकदाच खोदावा लागतो म्हणून फुटामागे खर्च कमी पडतो, तेव्हा कंपनीच्या दृष्टीने हा सौदा चांगलाही असेल. पण खडक सुधारला असं मात्र त्यावरून म्हणता येणार नाही. लांबीची माहिती ईआयएच्या तक्त्यात नसते, ती राज्यांच्या परवान्यांतून आणि कंपन्यांच्या तिमाही निवेदनांतून गोळा करावी लागते. कंपनी आपल्या सर्वोत्तम विहिरीच दाखवते, हे गृहीत धरूनच ते निवेदन उघडा.

शक्य असेल तिथे पहिल्या महिन्याऐवजी पहिल्या बारा महिन्यांचं एकूण उत्पादन घ्या. हेन्सव्हिलची आवळलेली विहीर आणि पर्मियनची मोकाट सोडलेली विहीर त्यानंतरच एका रांगेत बसतात.

पायरी ९: फाइल उघडा

एका पानावर एक पट्टा. रकाने या क्रमाने: महिना, रिग, दोन महिन्यांपूर्वीच्या रिग, खोदलेल्या विहिरी, चालू केलेल्या विहिरी, डकचा साठा, नवीन विहिरींचं उत्पादन, विहिरीमागे, रिगमागे, जुन्यांची गळती, जागी राहायला लागणाऱ्या रिग. तेल आणि गॅसची पानं वेगळी. शेवटचे तीन महिने तिरप्या अक्षरात, कारण ते बदलणार. डकचा साठा महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त हलला तर ओळ राखाडी. हा पाच टक्क्यांचा नियम माझा स्वतःचा, तुम्ही तुमचा ठरवा.

आणि दर महिन्याला ईआयएची फाइल उतरवली की तारीख घालून वेगळी जपा, जुन्यावर नवी चढवू नका. मागचे महिने पुन्हा सुधारले जातात. सहा महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, “तुम्ही मार्चमध्ये वेगळा आकडा दिला होता ना?” तेव्हा मार्चची फाइल हाताशी लागते.